बायजामावशीचं शेत आन पांडूमामाचे दोन हजार

बायजामावशी गेली तेव्हा मयताची नोंद करायला पांडूमामा गेला. सख्खा भाऊ म्हणून लोकांनी त्यालाच पुढं केला. तिथं फॉर्मात विचारतात, मयत काय काम करत होती. मामानं सांगितलं, घरकाम. लिवणाऱ्यानं लिवलं घरकाम. अठ्ठावीस वर्षं जी बाई ढोपरभर चिखलात उभी ऱ्हायली, जिच्या घरात धड ओटा पण नव्हता, तीन दगडांवर भात शिजवायची, तिचं काम काय तर घरकाम. मामाला माहीत नव्हतं असं नाय. माहीत होतं म्हणूनच तसं बोलला. मामाला हे वाचून राग येईल. येऊ दे.

कडावच्या पलीकडं नदीच्या अंगाला गाव. तिघं भावंडं. थोरली आमची आई भीमाबाई, खालापूरकडं दिली. मधली बायजा, वांगणीला दिली. धाकटा पांडू, दहावी पास झाला आन रसायनीला कंपनीत लागला. बायजाच्या नवऱ्यानं तिसऱ्या वर्षी दुसरी आणली. बायजा एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली ती परत गेलीच नाय. नवरा न्यायला आला तर त्याला ओटीवर बसवून पाणी दिलं आन बोलली, "पाणी प्यालास ना, आता गाडीची वेळ झाली." तिची जीभ अशीच होती. सकाळी मिश्री लावता लावता पण कुणाला तरी झोडलेलंच असायचं.

बाप गेला त्या साली मामानं दोघी बहिणींना कर्जतला नेलं. नवीन पातळं घेतली, टेसनाजवळ मिसळ खायला घातली, आन कचेरीत नेऊन अंगठे घेतले. हक्कसोड. भीमाबाईनं विचारलं, "कशावर गं अंगठा?" तर बायजाच बोलली, "शेत भावाच्या नावावर करायचं. आपण आडवं नाय यायचं, भावाचं दार उघडं ऱ्हायलं पायजे." दार उघडं ऱ्हायलं म्हणा. त्या दारातनं मामा बाहेर गेला तो मोहोपाड्याला खोली घेऊन ऱ्हायला, आन शेत पडलं बायजाच्या गळ्यात. गळ्यात कसलं, तिनं ओढूनच घेतलं.

बावीस गुंठं भात, मागनं वाल. बाईमाणसानं नांगर धरायचा नाय म्हणतात, म्हणून नांगर वरच्या ठाकरवाडीतल्या गोमाचा. त्याबदली मावशी गोमाच्या शेतात लावणीला जायची. गावात असंच चालतं, त्याला सावड म्हणतात. आज आमी तुझ्यात लावायचं, उद्या तू आमच्यात. पैसा नाय, हाताची फेड हातानं. मावशी कुणाच्या सावडीला कधी चुकली नाय. अंगात ताप असला तरी डोक्यावर इरलं घेऊन हजर, आन आवणाची, म्हंजे भाताच्या रोपांची, मूठ अशी लावायची का ओळ दोरीनं आखल्यासारखी. गावातल्या बाया बोलायच्या, "उद्या बायजाची सावड हाय." पांडूची सावड असं कधी कुणाच्या तोंडून आलं नाय. मामा यायचा ते झोडणी झाल्यावर, टेंपो घेऊन. चार गोणी तांदूळ, पायलीभर वाल, टेंपोत टाकून गेला. मावशीनं कधी मोजलं नाय. भाऊ हाय बोलायची.

मग कोरोना आला. कंपनी बंद. मोहोपाड्याच्या त्या खोलीत मामा, मामी आन त्यांचा राकेश, तिघं बसून. दुकानात लाईन, हातात पैसा नाय. भाजीच्या टेंपोत बसून गावाला आले. गावानं येशीवर बांबू आडवे बांधले होते, मुंबई-रसायनीचा माणूस आत नको. पोरं काठ्या घेऊन उभी. तिथं मावशी गेली कोयता कमरेला लावून. बोलली, "माझा भाऊ हाय. शाळेत ठेवा चौदा दिवस, पण माघारी पाठवायचा नाय. ज्याला वाटतं पाठवावा त्यानं आधी माझ्याशी बोलावं." पोरांनी बांबू सोडला. चौदा दिवस शाळेच्या कुंपणावरनं तिनं तिघांना तांदळाची भाकर आन सुकट पोचवली. नंतर पाच महिने तिघं तिच्या घरात. तिचाच तांदूळ, तिचेच वाल.

त्या चैत्रात मावशी अंगणात बियाणं पाखडत होती. मामाच्या मोबाईलवर मेसेज वाजला. राकेश वाचून बोलला, "पप्पा, शेतकऱ्यांचे दोन हजार आले. लॉकडाऊन म्हणून सरकारनं हप्ता लवकर टाकलाय."

मावशीचं सूप थांबलं. "कुठल्या शेतकऱ्याचे रं?"

"माझे," मामा बोलला. "गेल्या साली नाव लावलं होतं. सातबारा माझा हाय ना."

"बरं झालं. त्यातलं दे मला. हे बियाणं पुरणार नाय, एक पिशवी आणायची हाय."

"अगं, ते शेतकऱ्याला आलेत."

"मग मी कोण?"

मामी हसली. मामा पण हसला. बोलला, "तू बहीण. कागदावर शेतकरी मी हाय."

एवढंच झालं. कुणी मारलं नाय, शिवी दिली नाय. मावशीनं परत सूप हलवायला सुरवात केली आन एक अक्षर बोलली नाय. हीच भ्यायची गोष्ट होती, पण मामाला कळली नाय. त्या पैशातनं मोबाईलचा रिचार्ज झाला, दोन रविवार कोंबडी झाली. बियाण्याची पिशवी मावशीनं शेळीची पाट विकून आणली, गाभण पाट.

त्या दिवसापास्नं तिनं मामाला नावानं हाक मारली नाय. ताट वाढलं का दारातनं बोलायची, "अहो शेतकरी, जेवायला वाढलंय." चिखलणीला गोमा औत घेऊन आला तर बोलली, "शेतकऱ्याला उठवू नका, रात्री उशिरापर्यंत पिक्चर बघत होते." हळूहळू गावानं पण उचललं. मामा पारावर गेला का कुणीतरी सरकून जागा द्यायचं, "या शेतकरी, बसा." मामा चिडायचा आन बहिणीला बोलायचा, "माझं हसं करतेस तू." ती कोंबडीकडं बघून बोलायची, "मी काय खोटं बोलले का गं? कागदावरच हाय ना त्यांचं."

कंपनी चालू झाली तसा मामा गेला. दर चार महिन्यांनी दोन हजार येत ऱ्हायले. सात हप्ते आले. मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. जे इन्कमटॅक्स भरतात त्यांना हे पैसे घेता येत नव्हते, त्यांनी सगळे परत करायचे. यादीत मामाचं नाव. कंपनी त्याचा टॅक्स कापत होती.

त्या रविवारी मामा मोटारसायकलवरनं आला. एक किलो मटण आणलं आन पिशवीत शंभरचा स्टॅम्प. कर्जतला कचेरीबाहेर बसणाऱ्या कुणी कागदवाल्यानं त्याला अक्कल दिली होती, का शेत बहीण कसते, पैसे तिनंच घेतले असं लिवून दिलं तर तुमचं सुटंल. मामानं कागद मावशीच्या पुढ्यात ठेवला. अंगठ्याची शाईची डबी पण ठेवली.

"बघ," बोलला, "यात लिवलंय शेत तू कसतेस. तुला हेच पायजे होतं ना?"

मावशीनं कागद घेतला आन सरळ स्नेहलकडं गेली. स्नेहल गावातलीच आशाताई, वाचायला तीच. स्नेहलनं वाचलं, "सन एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून सदर शेतजमीन मी स्वतः कसत आहे."

"परत वाच."

परत वाचलं.

"अजून एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा वाचलं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं. जन्मात पहिल्यांदा कागदानं तिला तिचं काम सांगितलं होतं. स्नेहल बोलली, "मावशी, खाली अजून हाय. सदर योजनेची आलेली सर्व रक्कम भावाकडून मला रोख मिळाली असून ती मी खर्च केली आहे."

मावशीनं स्नेहलला ती ओळ बोटानं दाखवायला लावली. मग बोलली, "हे खालचं खोडता येईल का गं?"

मामानं ऐकलं तर बोलला, "खालचं खोडलं तर वरच्याचा मला उपयोग काय?"

आठ दिवस तो कागद तिच्या घरात तांदळाच्या डब्यावर पडून होता. भीमाबाई खालापूरहून आली, ती पण बोलली, "दे अंगठा. खोटं तर खोटं. निदान कचेरीच्या कपाटात कुठंतरी तुझं नाव शेतकरी म्हणून पडंल. माझं तर तेवढं पण नाय." मामी फोनवर बोलली, "एवढी वर्षं भावाच्या शेतावर खाल्लं, भाऊ अडचणीत आला तर अंगठा जड झाला." मावशी बोलली, "भावाच्या शेतावर खाल्लं? मग तुमी चार गोणी न्यायचात त्या काय कंपनीत पिकायच्या?" आन फोन ठेवला. पण मन तिचं हललं होतं. ती रोज कागद काढायची, वाचता येत नसताना वरच्या ओळीवरनं बोट फिरवायची. देणारच होती अंगठा. भीमाबाईला बोलली पण तसं.

मग तिला वाटलं, खालची ओळ कशाला पायजे. गावातल्या दोघींनी साक्ष दिली का शेत बायजा कसते, तर आपलाच वेगळा कागद होईल, खरा. ती पौर्णिमाकडं गेली. पौर्णिमा तिच्या सावडीतली, वीस वर्षं दोघी शेजारी शेजारी वाकलेल्या. पौर्णिमाचा नवरा गाडीवर ड्रायव्हर.

"दोन अंगठे पायजेत," मावशी बोलली. "मी शेत कसते एवढंच सांगायचं."

पौर्णिमा भाकर थापत होती. हात थांबला नाय तिचा. "तुझं खरं हाय मावशी. पण उद्या ते विचारतील, पौर्णिमाचं शेत कोण कसतं. आमच्या घरात पण आलेत ना पैसे, यांच्या नावानं. तुझा एक धागा ओढलास तर सगळ्या गावाचं पातळ सुटंल."

"तुझ्या हातात आले का पण पैसे?"

"माझ्या हातात काय येतंय. पण उकरू नको तू."

"चिखलात माझ्या बाजूला वाकतेस तेव्हा लाज नाय वाटत. खरं बोलायला वाटती."

"तुला पोर ना बाळ," पौर्णिमा बोलली. "तुला काय जातंय बोलायला."

हे मावशीला लागलं. आणखी तीन घरं फिरली, तिन्ही घरात कुणाला तरी अचानक पाणी भरायला जायचं होतं. साक्षीला शेवटी तयार झाला एकटा गोमा. तो बोलला, "आमच्या वाडीत सातबाराच कुणाचा नाय, पैसे कुणाला नाय आले. आमाला कशाची भीती?"

मावशी गोमाला घेऊन कर्जतला गेली. मामा भीमाबाईच्या निरोपावर तिथं आधीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला वाटलं बहीण अंगठा द्यायला आली. आत टेबलावर एक क्लार्क, डोळ्यावर झोप आलेला, पण माणूस वाईट नव्हता. मामानं बहिणीच्या हातातला स्टॅम्पचा कागद घेऊन पुढं केला. क्लार्कनं मावशीला विचारलं, "मावशी, यात लिवलंय ते बरोबर हाय? शेत तुमी कसता?"

"हो."

"आन पैसे तुमाला मिळाले?"

मामा मध्येच बोलला, "मिळाले ना, मी स्वतः—"

"मी त्यांना विचारलंय," क्लार्क बोलला.

मावशीनं मामाकडं बघितलं नाय. पिशवीतनं स्नेहलच्या अक्षरातला साधा कागद काढला. दोन ओळी. शेत मी कसते. पैसे मला मिळाले नाय. खाली तिचा अंगठा आन गोमाचा.

क्लार्कनं वाचलं. "मावशी, हे दिलंत तर तुमच्या भावाला सगळे भरावे लागतील."

"भरंल. कंपनीत हाय."

"आन यानं तुमचं नाव सातबाऱ्यावर लागत नाय हा. तुमी हक्कसोड केलंय. उलट भावाशी वाकडं. मग तुमचा फायदा काय यात?"

"एकदा खोट्या आशेवर अंगठा दिला, शेत गेलं," मावशी बोलली. "आता खोट्यावर दिला तर मी केलेलं काम पण जाईल. राहू द्या. हा कागद जमा करा आन मला शिक्का मारून द्या."

क्लार्कनं शिक्का मारला. बाहेर पायरीवर मामा बोलला, "उद्यापासून शेतात पाय ठेवायचा नाय."

"राब भाजून ठेवलाय," मावशी बोलली. राब म्हणजे पाला न शेण पसरून जाळतात ती जागा, तिथं भात पेरलं का आवण जोरात येतं. "पेरायचा तेव्हा पेर, शेतकरी."

मामानं पैसे भरले. ते त्याला काय जड नव्हते, मोटारसायकलच्या चार हप्त्यांचा प्रश्न होता. जड झालं ते दुसरंच. मृगात तो राकेशला घेऊन आला आन पेरलं. मूठ भरून भरून टाकलं, दाट. आवण आलं, कसं का असेना. मग आषाढ लागला, गावाची लावणी सुरू झाली, आन मामा घरोघर सांगत फिरला, उद्या आमची सावड. त्याला वाटलं सावड शेताबरोबर येते, विहिरीसारखी.

पौर्णिमानं दारातच विचारलं, "कुणाची सावड?"

"आमची. पांडूची."

"तुमी कुणाच्या शेतात लावलंत ओ कधी?"

"दरवर्षी येता ना तुमी आमच्यात."

"ती बायजाची फेड होती. ती आमच्यात लावती, आमी तिच्यात लावतो. तुमच्यात लावलं तर आमच्यात कोण येणार? राकेशला चिखलात उतरवता का?"

"मजुरी देतो."

"मजुरी घेऊन बसले तर माझं आवण कोण लावंल? जा बाबा, कामाचे दिवस हायत."

ही पौर्णिमा काय मावशीच्या बाजूची नव्हती. मावशीशी ती तेव्हा धड बोलत पण नव्हती. पण सावडीचा हिशेब तिला समजत होता, आन दहावी पास मामाला नाय समजला.

मावशी त्या दिवसांत गोमाकडं लावत होती. तिच्या बाजूलाच पौर्णिमा, तिची फेड गोमाकडं होती म्हणून आलेली. दोघी बोलत नव्हत्या, ओळ मात्र सरळ जात होती. मामा बांधावर येऊन उभा ऱ्हायला, पायात बूट.

"बायजा, चल. आवण पिवळं पडाय लागलं."

ती वाकलेलीच.

"बायजा, तुझंच शेत हाय असं समज."

तेव्हा ती उभी ऱ्हायली, कमरेवर हात देऊन. दोन साल झाल्यावर त्याच्याकडं बघून बोलली. "समजून काय करू पांडू? बोल. इथं गोमा हाय, पौर्णिमा हाय, बारा माणसं हायत. सगळ्यांसमोर बोल, शेत बायजा कसते, आन पैसे मी खाल्ले. एवढं बोल, आत्ता येते. रात्र झाली तरी अख्खं लावून देते."

मामानं आजूबाजूला बघितलं. बारा माणसं खाली बघून लावत होती, पण कान सगळ्यांचे बांधावर. पाऊस बारीक पडत होता. त्याच्या तोंडातनं आलं नाय ते. बोलला, "लोकांसमोर तमाशा कशाला? घरी बोलू."

"घरी बोलून झालंय," मावशी बोलली आन वाकली.

मामा वळला आन गेला. जाताना बूट चिखलात रुतला तो ओढून काढावा लागला, कुणी हसलं नाय. आवण वाळलं, मग गावाच्या गुरांनी खाल्लं. मावशी येता जाता त्या शेताकडं बघायची. तिला सोपं गेलं असं कुणी समजू नये. भीमाबाईला बोलली होती, "जेवण जात नाय गं." पण लावायला गेली नाय. स्वतःच्या हातानं केलेलं शेत डोळ्यादेखत रान होताना बघितलं, पण गेली नाय.

भादव्यात तिला ताप आला. चिखलातला ताप असतो तो. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, कर्जतला नेली, तिथनं पुढं नेली, आन गेली. एकसष्ट वर्षांची. वंदना झाली, पंचशील झालं, मामा पुढं उभा ऱ्हायला हात जोडून. बाया रडल्या. पौर्णिमा सगळ्यात जास्त रडली आन भीमाबाईनं तिच्याकडं बघितलं पण नाय.

मामाला आता ते शेत विकायचं हाय, फार्महाऊसवाल्याला. म्हणून राकेशनं मोबाईलवर सातबारा काढला. मामा भीमाबाईच्या घरी आला होता, तेव्हा तिथं वाचत बसला आन वाचता वाचता चिडला. त्या सालच्या पिकाच्या रकान्यात पड लिवलं होतं. बोलला, "तलाठ्यानं मुद्दाम लिवलंय. एवढी वर्षं कधी पड नव्हतं लागलं. गिऱ्हाईक विचारतं, जमीन पडीक का?"

भीमाबाई वाल सोलत होती. बोलली, "पड म्हंजे?"

"म्हंजे कुणी कसली नाय."

"मग बरोबरच लिवलंय की," भीमाबाई बोलली. आन त्याला चहा विचारला नाय.